मध्य अमेरिका : वेलची पिकवणारेच वेलची खात नाहीत, तिथपासून सुरुवात करू

प्रश्न असा आहे की मध्य अमेरिकेच्या इतिहासातल्या आणि संस्कृतीतल्या अशा कोणत्या गोष्टी आहेत ज्या ऐकून माणूस चाट पडतो, आणि "माया लोकांचं 2012 चं कॅलेंडर सोडून" अशी अटही घातलीय, ती बरी घातली. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि गेली 19 वर्षं इंटरप्रिटरचं काम करते. मसाल्याच्या व्यापाऱ्यांबरोबर ग्वाटेमालाला जायचं, मग तिथून जमेल तसं निकाराग्वा, कोस्टारिका, पनामा. त्यामुळे इतिहासाच्या प्राध्यापकासारखं क्रमवार उत्तर मला जमणार नाही, मी जे फिरताना पाहिलं आणि मग घरी येऊन नीट वाचलं ते सांगते.

आधी भूगोल एका वाक्यात, कारण मेक्सिको यात धरायचा नाही हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास, एल साल्वाडोर, निकाराग्वा, कोस्टारिका आणि पनामा, एवढे सात देश. त्यातल्या बेलीझची अधिकृत भाषा इंग्रजी, तो 1981 पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होता. तिथे हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांचे वंशज आहेत आणि एका गावाचं नाव चक्क कलकत्ता आहे.

आता वेलची. पायसमात, श्रीखंडात, चहात आपण वेलची टाकतो आणि गृहीत धरतो की वेलची म्हणजे केरळ. पण जगातला वेलचीचा सगळ्यात मोठा निर्यातदार ग्वाटेमाला आहे, तोही गेली कित्येक दशकं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने हे रोप कोबान नावाच्या गावाजवळ लावलं, तिथले ढगाळ ओले डोंगर त्याला आपल्या पश्चिम घाटासारखेच मानवले. या भागात कॉफीचे मोठाले मळे जर्मन लोकांचेच होते, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दबावाखाली त्यांच्या जमिनी सरकारने काढून घेतल्या आणि त्यातल्या काहींना थेट अमेरिकेतल्या छावण्यांत पाठवलं. आज वेलची पिकवतात ते बहुतेक छोटे शेतकरी, केक्ची भाषा बोलणारे माया लोक. ओल्या वेलचीला ते "सेरेसा" म्हणतात, वाळवलेलीला "पेर्गामिनो", हे दोन्ही शब्द कॉफीतून उचललेले. मधल्या दलालाला काय म्हणतात माहितीय? कोयोते. कोल्हा म्हणा ना सरळ. हा शब्द मी पहिल्यांदा भाषांतर करून सांगितला तेव्हा बरोबरचे वाशीचे व्यापारी इतके हसले की समोरच्या दलालाने विचारलं काय झालं, आणि मला खोटं सांगावं लागलं.

पण खरी गंमत ही की ते लोक वेलची खातच नाहीत. खाण्यात नाही, कॉफीत नाही, कशातच नाही. सगळा माल अरब देशांत आणि इकडे तिकडे जातो. मी जिथे उतरते त्या घरमालकीणबाईंना मी एकदा वेलचीचा चहा करून दिला, त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, साबणासारखा वास येतो गं. घराच्या मागच्या उतारावर त्यांचीच वेलचीची लागवड होती!

दुसऱ्यांसाठी पिकवायचं, दुसऱ्यांना वाट करून द्यायची आणि आपल्या हाती थोडंच ठेवायचं, हा प्रकार त्या भागात पुन्हा पुन्हा दिसतो. पुढे जे सांगतेय त्यातलं बरंचसं तिथूनच निघतं.

त्याआधी उलटी बाजू पण सांगते, म्हणजे त्यांचं आपल्या अंगणात काय काय आलंय. घोलवड-डहाणूचा चिकू मूळचा तिकडचा, चिकू हे नावसुद्धा तिकडच्या "चिकोसापोते"वरून आलंय. या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करायचे आणि तो गोळा करणारे मजूर जंगलात फिरताना माया अवशेष शोधून काढायचे. तिकाल नावाचं जे प्रचंड माया शहर आहे, तिथल्या देवळांच्या दारांवरची आडवी लाकडं, आपली गणेशपट्टी असते ना त्या जागची, ती चिकूच्या लाकडाची आहेत, कोरीव काम केलेली, आणि साधारण 1300 वर्षं त्या दमट जंगलात टिकलीत. आपला देवचाफा पण त्याच बाजूचा, निकाराग्वाचं ते राष्ट्रीय फूल आहे, "साकुआनहोचे" म्हणतात. मी मानाग्वाच्या बाजारात चाफ्याचे हार बघितले तेव्हा क्षणभर वाटलं तुळशीबागेतच उभी आहे. कोकणात बांधावर लावतात ते गिरिपुष्प, तेही तिकडचंच, तिथे कोकोच्या झाडांना सावली म्हणून लावायचे म्हणून नाव "कोकोची आई".

केळ्याचं उलट आहे, ते आशियातून तिकडे गेलं आणि तिथे त्याने सरकारं पाडली. "बनाना रिपब्लिक" हा शब्द आपण सहज वापरतो, तो ओ. हेन्री या लेखकाने होंडुरासवरून काढला. अफरातफरीच्या आरोपातून पळून तो होंडुरासमध्ये लपला होता, हे मला नंतर कळलं. होंडुरासमध्ये 1911 साली एका केळीव्यापाऱ्याने, सॅम झेमरे त्याचं नाव, भाडोत्री लढवय्ये पाठवून आपल्याला हवा तो माणूस सत्तेवर आणला, कारण काय तर टॅक्स माफ हवा होता.

ग्वाटेमालाची गोष्ट मात्र जमिनीचा व्यवहार केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला लगेच कळते. 1952 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी जमीन सुधारणा कायदा आणला, पडीक ठेवलेली मोठी जमीन सरकार घेणार, भरपाई देणार आणि भूमिहीनांना वाटणार. सगळ्यात जास्त पडीक जमीन होती युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळीच्या कंपनीकडे. आता भरपाई किती? सरकार म्हणालं, तुम्ही स्वतः टॅक्सच्या कागदावर जी किंमत लिहिलीय तेवढी. आणि कंपनीने टॅक्स वाचवायला किंमत लिहिलेली मातीमोल. आपल्याकडे रेडी रेकनर, वरचे आणि खालचे व्यवहार हे सगळं ज्याला माहीत आहे त्याने डोळ्यासमोर आणा. सरकारने देऊ केले सुमारे 6 लाख 27 हजार डॉलर, आणि कंपनीच्या वतीने अमेरिकी सरकारने मागितले जवळपास 1 कोटी 58 लाख. आता अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि सीआयएचे प्रमुख हे तेव्हा सख्खे भाऊ होते, डलेस बंधू, आणि दोघंही आधी ज्या वकिली फर्ममध्ये होते तिने या कंपनीचं काम केलेलं. जून 1954 मध्ये सीआयएने आर्बेन्सना घालवलं. पुढे क्युबाच्या क्रांतीत लढलेला चे गेव्हारा तेव्हा ग्वाटेमाला सिटीतच होता, तरुण डॉक्टर, हे सगळं त्याने डोळ्याने पाहिलं. पुढे 1960 ते 1996 यादवी चालली, सुमारे 2 लाख माणसं मेली किंवा गायब झाली, बहुतेक माया. कोबानच्या बाजूला आजही काही विषय निघाले की लोक आवाज खाली घेतात, तिथे मी भाषांतर करताना घाई करत नाही.

जळगावकरांसाठी एक जाता जाता. ती केळी पूर्वी ग्रो मिशेल जातीची असायची, पनामा रोगाने मळेच्या मळे गेले आणि मग कंपन्यांनी कॅव्हेंडिश गटातल्या जाती लावल्या, त्यातली एक ग्रँड नैन. आपण जिला जी-नाईन म्हणतो तीच ही. म्हणजे रावेर-यावलच्या बागेत आणि होंडुरासच्या बागेत एकच केळ उभं आहे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी मी प्रत्येक बॅचला सांगते. 1856 मध्ये निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्ष कोण होता? टेनेसीचा एक अमेरिकन, विल्यम वॉकर. डॉक्टर झाला, वकील झाला, पत्रकार झाला, कुठेच मन रमलं नाही. निकाराग्वात दोन शहरांची भांडणं चालू होती, लेओन आणि ग्रानादा, त्यातल्या लेओनवाल्यांनी याला मदतीला बोलावलं. आपल्याकडे भाऊबंदकीत तिसऱ्याला बोलावल्यावर काय होतं ते पेशवाईच्या इतिहासात वाचलंच आहे. हा 1855 मध्ये साठेक माणसं घेऊन आला, काही महिन्यांत ग्रानादा घेतलं आणि दुसऱ्या वर्षी एक बनावट निवडणूक करून स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाला. इंग्रजी अधिकृत भाषा केली, आणि गुलामगिरी परत कायदेशीर केली. लक्षात घ्या, मध्य अमेरिकेने 1824 मध्येच गुलामगिरी रद्द केलेली होती, होसे सिमेओन कान्यास नावाच्या एका साल्वाडोरी धर्मगुरूने त्यासाठी आवाज उठवला होता, आजारी असताना सभेत येऊन. अमेरिकेला त्यासाठी 1865 उजाडलं.

वॉकरला निकाराग्वात एवढा रस का, तर वाट. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, आणि न्यूयॉर्कहून तिकडे जायला एक सोपा रस्ता निकाराग्वातून होता, सान हुआन नदीतून बोटीने निकाराग्वा सरोवरात (ज्यात शार्क आहेत, गोड्या पाण्यात, समुद्रातून नदीने वर येतात), आणि पलीकडे थोडीशी जमीन ओलांडली की पॅसिफिक. ही बोटींची कंपनी होती कोट्यधीश व्हँडरबिल्टची. वॉकरने ती जप्त करून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना दिली. ही चूक त्याला महागात पडली. व्हँडरबिल्टने कोस्टारिकाला मदत केली, कोस्टारिकाने त्या बोटीच ताब्यात घेतल्या, आणि वॉकरकडे येणारी माणसं आणि दारूगोळा थांबला.

11 एप्रिल 1856 ला निकाराग्वातल्या रिवास गावात कोस्टारिकाचं सैन्य आणि वॉकर यांच्यात लढाई झाली. वॉकरची माणसं एका मोठ्या घरात दबा धरून बसलेली, ते पेटवायचं कुणी? कोस्टारिकातल्या आलाहुएला गावचा हुआन सांतामारिया नावाचा ढोल वाजवणारा गरीब पोरगा मशाल घेऊन गेला, घर पेटलं, तो तिथेच गोळी लागून गेला. आज कोस्टारिकाची राजधानी सान होसेच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. विमानतळांना राजे, पंतप्रधान यांची नावं असतात, इथे ढोलवाल्याचं आहे, मला ते फार आवडतं. मात्र त्या विजयानंतर सैन्याबरोबर कॉलरा घरी आला आणि कोस्टारिकाची जवळपास दहावा हिस्सा लोकसंख्या गेली, ते शाळेच्या कार्यक्रमांत कुणी फारसं सांगत नाही. वॉकरच्या माणसांनी जाताना ग्रानादा जाळलं आणि "इथे ग्रानादा होतं" अशी पाटी मागे लावून गेले. 1857 मध्ये तो शरण आला, सुटला, पुन्हा पुन्हा येत राहिला, शेवटी 1860 मध्ये होंडुरासमध्ये त्रुहियो इथे त्याला गोळ्या घातल्या, वय 36. होंडुरासच्या लोकांना आजही सगळे "कात्राचो" म्हणतात, ते वॉकरविरुद्ध लढलेल्या जनरल शात्रुचच्या नावाचा अपभ्रंश आहे.

मग निकाराग्वाची वाट असताना कालवा पनामाला का? याला एक पोस्टाचं तिकीट बरंच जबाबदार आहे! 1902 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये निकाराग्वा की पनामा यावर चर्चा चालू होती, बऱ्याच जणांचा कल निकाराग्वाकडे. पनामात फ्रेंचांनी आधी प्रयत्न करून हात पोळून घेतले होते, वीस हजारांवर माणसं मेली होती. त्या बुडालेल्या फ्रेंच कंपनीत पैसे अडकलेला ब्युनो-वारिया नावाचा इंजिनियर होता. त्याने निकाराग्वाची तिकिटं गोळा केली ज्यावर मोमोतोम्बो ज्वालामुखी धूर ओकतोय असं चित्र होतं, आणि एकेका सिनेटरला एकेक पाठवलं, म्हणजे बघा, यांच्याच सरकारने छापलंय, इथे कालवा काढणार का तुम्ही? मतदान 42 विरुद्ध 34, पनामा जिंकलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या आशीर्वादाने पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि कालव्याच्या करारावर पनामाच्या वतीने सही कुणी केली? याच फ्रेंच माणसाने. एकाही पनामेन्याची त्यावर सही नाही.

कालव्याचं अजून एक, नकाशा उघडून बघाच. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज तिथे पश्चिमेला जात नाही, आग्नेयेला जातं. तो भूभागच असा वाकडा आहे की पॅसिफिकचं तोंड जास्त पूर्वेला पडतं, आणि पनामा सिटीत सूर्य पॅसिफिकवर उगवताना दिसतो. खोदकामावर पगाराच्या दोन याद्या होत्या, सोन्याची आणि चांदीची. गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यात पगार, बार्बाडोस वगैरे बेटांवरून आणलेल्या काळ्या मजुरांना चांदीच्या. त्यावरून पोस्टाच्या खिडक्या, शाळा, प्यायच्या पाण्याचे नळ सगळं वेगळं. अमेरिकन काळातले अधिकृत मृत्यू 5,609, बहुतेक चांदीच्या यादीतले. आणि पनामा हॅट पनामाची नाहीच, ती इक्वाडोरची.

"फुटबॉल वॉर"बद्दल बरेच जण विचारतात. हो, 1969 च्या जुलैत एल साल्वाडोर आणि होंडुरासमध्ये वर्ल्ड कप पात्रता सामन्यांनंतर साधारण 100 तासांचं युद्ध झालं. पण मॅचवरून झालं असं म्हणणं म्हणजे लग्नात पापडावरून भांडण झालं म्हणण्यासारखं आहे, खरी कारणं आधीपासून साठलेली असतात. एल साल्वाडोरमध्ये जमीन मूठभर घराण्यांकडे, म्हणून सुमारे 3 लाख साल्वाडोरी होंडुरासमध्ये जाऊन शेती करत होते. होंडुरासमध्ये जमिनीची मागणी वाढली, तर सरकारने मोठ्या मालकांना न दुखवता या बाहेरच्यांना हाकललं. त्यात त्या तीन मॅच झाल्या, एवढंच. हजारो माणसं गेली. आणि एवढं करून एल साल्वाडोर 1970 च्या वर्ल्ड कपला गेलं, तिन्ही मॅच हरलं, एकही गोल नाही.

शेजारच्या कोस्टारिकाने मात्र 1 डिसेंबर 1948 ला सैन्यच बंद करून टाकलं. यादवी जिंकलेल्या होसे फिगेरेसनी बराकीच्या भिंतीवर घण मारला, ती बराक आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. याच देशात मला भाषेचा सगळ्यात मोठा धक्का बसला. स्पॅनिशमध्ये "उस्तेद" म्हणजे आपलं "तुम्ही, अहो". कोस्टारिकात ते नवराबायको एकमेकांना म्हणतात, आई तान्ह्या पोराला म्हणते, आणि लोक कुत्र्यालाही म्हणतात. अहो मोती, इकडे या, बसा. मी भाषांतर करताना कुठलं "तुम्ही" मानाचं आणि कुठलं लाडाचं हे ठरवताना अजून गडबडते.

मानाग्वाचे पत्ते हा पुणेकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. 1972 च्या डिसेंबरमधल्या भूकंपात शहराचा मध्यभाग गेला, पण पत्ते त्या गेलेल्या इमारतींवरूनच सांगतात. "जिथे ते छोटं झाड होतं तिथून दोन चौक सरोवराकडे आणि एक वर." झाड केव्हाच गेलंय. सरोवराकडे म्हणजे उत्तर, वर म्हणजे पूर्व, सूर्य वर येतो म्हणून, आणि खाली म्हणजे पश्चिम. टॅक्सीवाल्याला सगळं कळतं. आपण पाडलेल्या टॉकीजच्या नावाने चौक सांगतोच की.

त्याच मानाग्वात एक गोष्ट घडली जी माझ्या धंद्यातल्या माणसाला रडू आणेल. 1970 च्या दशकाच्या शेवटापर्यंत निकाराग्वात कर्णबधिर मुलांना एकत्र येण्याची जागाच नव्हती, प्रत्येक मूल आपापल्या घरी, घरच्यापुरत्या खाणाखुणा. 1977 मध्ये एक विशेष शाळा सुरू झाली, क्रांतीनंतर ती वाढली, शेकडो मुलं आली. शिक्षक शिकवत होते ओठ वाचणं आणि बोटांनी स्पॅनिश अक्षरं, ते काही मुलांना जमेना. पण पटांगणात आणि शाळेच्या बसमध्ये त्या मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून एक नवीन भाषा उभी केली. शिक्षकांनाच कळेना पोरं काय बोलतायत. 1986 मध्ये जुडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आल्या तेव्हा लक्षात आलं की याला व्याकरण आहे, आणि कमाल म्हणजे नंतर आलेल्या लहान मुलांची भाषा मोठ्यांपेक्षा जास्त नेमकी होती, डावं-उजवं, कुणी कुणाला काय दिलं हे जागा वापरून सांगायची. मोठ्यांकडून मिळालं त्यापेक्षा जास्त त्यांनी त्यात भरलं. जगात भाषा जन्माला येताना अभ्यासकांना जवळून बघायला मिळाल्याची अशी उदाहरणं फार थोडी आहेत, आणि ती कुणा पंडिताने नाही, शाळकरी पोरांनी केली.

शेवटी देवधर्माचं एक. ग्वाटेमालात आतित्लान सरोवराकाठी सांतियागो गावात माशिमोन नावाचा देव आहे. लाकडाचा, टोपी घातलेला, गळ्यात ढीगभर रेशमी स्कार्फ, तोंडात पेटलेली सिगारेट किंवा सिगार. त्याला देवळात जागा नाही, दरवर्षी तो वेगळ्या मानकऱ्याच्या घरी मुक्कामाला जातो, भक्त येऊन दारू पाजतात, पैसे ठेवतात, नवस बोलतात. चर्चला तो फारसा पटत नाही, लोकांना त्याचं काही वाटत नाही. मी एकदा साताऱ्याकडच्या एका मसालेवाल्या काकांना तिथे घेऊन गेले. आधीच बजावून ठेवलं होतं की हसायचं नाही, विचित्र वाटलं तरी काही बोलायचं नाही. काकांनी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन शांतपणे बघितलं, त्या मानकऱ्याने बाटली पुढे केली तशी दोन थेंब देवापुढे सांडले, एक घोट स्वतः घेतला. मी समजावून सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "अगं कळलं, आमच्या शिवेवरचा म्हसोबा आहे हा, फक्त याला टोपी घातलीय."